नाशिकची पांढरी वाइन आणि नागावचं ताट

२०२२ च्या जानेवारीत मंत्रिमंडळाने सुपरमार्केटात वाइन विकू द्यायचं ठरवलं, तेव्हा वाइन ही दारू की नाही यावर केवढं रणकंदन झालं! माझं मत सरळ आहे. जिच्यात बारा-तेरा टक्के मद्यार्क असतो ती दारूच. शब्दांचे खेळ कशाला? पण दारू आहे म्हणून तिच्या चवीबद्दल बोलायचंच नाही, हेही मला पटत नाही. मुलगा-सून मुंबईहून येताना नाशिकची पांढरी वाइन आणतात आणि जेवताना मी अर्धा पेला घेते. (हो, शाळेतल्या बाई घेतात. सत्तरी ओलांडल्यावर कुजबुजणारेही थकतात.)

१९८० च्या दशकात शामराव चौगुल्यांनी नारायणगावला वाइन बनवायला घेतली, तो आपल्याकडचा मोठा आरंभ. मग राजीव सामंतांच्या 'सुला'ची पहिली वाइन २००० साली नाशकातून आली. सोव्हिन्यों ब्लां आणि शेनिन ब्लां, दोन्ही पांढऱ्या. द्राक्षाचे हे वाण मूळ फ्रान्सचे. तिकडे तोडणी सप्टेंबर-ऑक्टोबरात, आपल्याकडे जानेवारी ते मार्च. ऊन चढलं की द्राक्षातला आंबटपणा भराभर उतरतो आणि साखर वाढते, म्हणून तोडणीचा दिवस चुकवून चालत नाही.

सोव्हिन्योंला नुकत्याच चिरलेल्या ढोबळी मिरचीचा, कच्च्या पेरूचा वास येतो. चवीला ती करकरीत आंबट. शेनिन जरा मवाळ, आपल्याकडे पुष्कळदा गोडसरच असते.

आता आमच्या नागावचं ताट. रव्यात घोळवून तळलेलं पापलेट घ्या नाहीतर ओले बोंबील, त्यावर सोव्हिन्यों. तेलकटपणा ती असा कापते की लिंबू पिळायची गरज उरत नाही. थंडीतल्या पोपटीबरोबर तर फारच छान! मडक्यात वालाच्या शेंगा, अंडी आणि भांबुर्डीचा पाला. त्या पाल्याचा रानवट वास आणि या वाइनचा हिरवा वास जणू एकाच शेताच्या बांधावरचे. नारळाच्या रसातल्या कोलंबीला मात्र शेनिन. गोडाला गोड भेटतं.

जिथे जमत नाही तेही सांगते. पदार्थ वाइनपेक्षा आंबट असला की वाइन पाणचट लागते. चिंच किंवा कोकम सढळ हाताने घातलेल्या कालवणापुढे ती बिचारी टिकतच नाही. आणि तिखटाने पोळलेल्या जिभेवर मद्यार्क गेला की आग आणखी भडकते.

खरी खंत इथेच आहे. शनिवार-रविवारी गाव पर्यटकांनी भरतो. वाडी-वाडीत घरगुती मुक्काम झाले, पोरांना रोजगार मिळाला, याचा मला आनंदच आहे. पण पाट्या बघा, जिकडेतिकडे 'मालवणी थाळी'! अहो, हे अष्टागर आहे. मालवण इथून किती लांब! वर पाहुण्यांना आवडतं म्हणून तेलाचा तवंग आणि लाल तिखट इतकं, की खाली पापलेट आहे की थर्माकोल हे कळू नये. वालाचं बिरडं, ओल्या खोबऱ्यातल्या तिसऱ्या, अलिबागच्या पांढऱ्या कांद्याची गोडसर कोशिंबीर, हे साधं जेवण पाहुण्यांच्या ताटात क्वचितच येतं. आमच्या सुनांना ते येत नाही असं नाही, पण कोणी मागत नाही तर किती दिवस रांधणार? नाशिकची बाटली बरोबर घेऊन येणाऱ्या पाहुण्याने एकदा यजमानीणबाईंना "तुमच्या घरी करता तसंच करा" एवढं सांगून बघावं. ती पांढरी वाइन त्या जेवणाबरोबरच खुलते, लाल रश्श्याबरोबर नाही.

सोलकढी मात्र पेला रिकामा झाल्यावरच मागा. दोन्ही एकदम घेतल्या तर कोकमच जिंकतं, आणि वाइनचे पैसे फुकट जातात.