नानाचा प्रवास

आमच्या प्राचीन ग्रंथकारांनीं मांजराला फारसें चांगलें वागविलेलें नाहीं. ‘हितोपदेशा’च्या ‘मित्रलाभ’ प्रकरणांत दीर्घकर्ण बोका साधुत्वाचें सोंग घेऊन आंधळ्या जरद्गव गिधाडाचा विश्वास संपादतो, पक्ष्यांचीं पिलें खातो आणि जीव मात्र गिधाडाचा जातो. हा पाठ मीं वर्षानुवर्षें मुलांना शिकविला. त्या माझ्यासारख्याच्या डोळ्यांस एका जपानी बोक्यानें पाणी आणावें, हा पराभवच म्हणावयाचा.

हिरो आरिकावा या लेखिकेची ही कादंबरी २०१२ सालीं जपानांत प्रसिद्ध झाली. ‘द ट्रॅव्हलिंग कॅट क्रॉनिकल्स’ हें फिलिप गॅब्रिएल यांचें इंग्रजी भाषांतर आमच्या धाकट्या सूनबाईंनीं आणून दिलें. थोरल्या बंधूंस आतां दिसत नाहीं, म्हणून रात्रीं जेवणें झाल्यावर मी त्यांना तें मराठींत सांगत वाचूं लागलों. पहिल्याच दिवशीं पंचाईत झाली. बोक्याचें शेपूट इंग्रजी सातच्या आंकड्यासारखें वांकडें, आणि जपानींत सात म्हणजे ‘नाना’! आमच्या बंधूंसही घरांत सारे नानाच म्हणतात. मुलें हंसत सुटलीं; बंधूही हंसले.

हा बेवारशी बोका सातोरूच्या मोटारीवर निजे. अपघातांत तो जखमी झाला, सातोरूनें त्याची शुश्रूषा केली आणि तो घरचाच झाला. पांच वर्षांनीं सातोरू त्याला सांभाळूं शकेनासा होतो. कारण कोणास न सांगतां तो नानाला मोटारींत घालून जुन्या मित्रांकडे घर शोधीत निघतो. बालमित्र कोसुके, शेती करणारा योशिमिने, फुजी पर्वताजवळ अतिथिगृह चालविणारे सुगी व चिकाको, सर्वांना मांजर हवें असतें. पण कोठेंच जमत नाहीं.

सुगीचें प्रकरण मला सर्वांत खोल वाटलें. बायकोचें मन पूर्वीं सातोरूकडे होतें कीं काय, हा सल त्यानें वर्षानुवर्षें पोटांत ठेविलेला. तो हंसून मित्राचें स्वागत करतो. त्याचा कुत्रा मात्र त्याच मित्रावर भुंकतो. यजमानानें झांकलेलें कुत्र्यानें उघडें केलें! मत्सर वाईट खरा, पण त्यामुळें स्नेह खोटा ठरत नाहीं, हें लेखिकेनें अतिशय संयमानें दाखविलें आहे.

तोच संयम शेवटीं, होक्काइदोंत, थोडा सुटला आहे. तेथें ती वाचकाला डोळे पुसण्याचीही उसंत देत नाहीं. तथापि नोरिको मावशी हें पात्र मी विसरणार नाहीं. सातोरूचे आईवडील अपघातांत गेले, तो त्या वेळीं शाळेच्या सहलीला क्योटोस गेला होता. त्या पोरक्या मुलाला न्यायाधीश असलेल्या या अविवाहित बाईनें वाढविलें. बोलणें तुटक, मांजराशीं कसें वागावें हें ठाऊक नाहीं. आणि अखेर भार तिच्यावरच येतो.

आमच्या नानांचे समवयस्क स्नेही आतां बहुतेक गेले. ते रोज विचारतात, “त्या दुसऱ्या नानाला घर मिळालें कां रे?” शेवटचीं चाळीस पानें अद्यापि मीं त्यांना वाचून दाखविलेलीं नाहींत.