छर्रा अडतो तो घाईनं

नागरवाड्याच्या आठवणी निघाल्या की गणपती येतात, जुने वाडे येतात, उत्तरायणाचे पतंग येतात, सेव-उसळ तर येतेच. बंदुकीबद्दल मात्र कुणी लिहीत नाही. जणू आपल्या मराठी घरांत ती कधी नव्हतीच! अहो, आपल्यातली कितीतरी घराणी गायकवाडांच्या चाकरीनिमित्त इथे आलेली. खंडेराव महाराजांनी चांदीच्या तोफा करवल्या आणि मल्हाररावांनी त्यावर कडी म्हणून सोन्याच्या. अशा गावात खंडेनवमीला पाटावर मांडायला पुष्कळ घरांत काही ना काही असायचंच. कुणाकडे तलवार, कुणाकडे ठासणीची बंदूक, कुणाकडे परवान्याची बारा बोअर.

आमच्याकडे आजोबांची बारा बोअर होती. आमच्या आठवणीत तिनं एकही बार काढला नाही. निवडणूक आली की पोलीस ठाण्यात जमा व्हायची, निकाल लागला की घरी यायची, एवढाच तिचा प्रवास.

पण आज लिहायचंय ते छर्‍याच्या बंदुकीबद्दल, म्हणजे एअरगनबद्दल. आणि तिच्या निमित्तानं आपल्या मुलांबद्दल.

आमच्या ओटल्यावर दर रविवारी सकाळी चार-पाच जण जमतात. ही प्रथा माझ्या काकांपासूनची. काका फिटर होते, त्यांचे एक मित्र घड्याळं दुरुस्त करायचे, एक शाळेत चित्रकला शिकवायचे. जुना पेपर अंथरायचा, स्टीलच्या वाटीत स्क्रू ठेवायचे, आणि कुणाची तरी नादुरुस्त एअरगन उघडायची. पैसे कुणी घेत नसे. चहा आणि कधी फाफडा, संपलं. काका गेले, आता आम्ही म्हातारे झालो, पण मंडळ चालू आहे. सगळ्यांनाच यंत्राचं वेड, नेमबाज असा एकही नाही. बडोद्याला ते शोभतंही. १८९० साली सयाजीराव महाराजांनी इथे कलाभवन काढलं ते हातानं काम करणारी माणसं तयार व्हावीत म्हणूनच. दादासाहेब फाळकेही तिथे शिकून गेले.

ज्यांनी एअरगन उघडून पाहिली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. जुन्या पद्धतीच्या बंदुकीत दारू नसते, हवेची टाकीही नसते. नळी मोडून खाली ओढली की आतली जाड स्प्रिंग दाबली जाते. चाप ओढला की स्प्रिंग सुटते, दट्ट्या पुढे धावतो, समोरची हवा दाबली जाते आणि ती छर्‍याला ढकलते. दट्ट्याच्या तोंडाशी चामड्याचा वॉशर असतो. तो सुकला की हवा निसटते आणि छर्रा समोरच्या पुठ्ठ्यालाही भोक पाडत नाही. ‘बंदूक मेली’ म्हणून लोक घेऊन यायचे आणि काका वॉशरला तेलाचे दोन थेंब देऊन परत करायचे. दोनच हं. तेल जास्त झालं की दाबलेल्या हवेच्या उष्णतेनं ते आत पेटतं, मोठा आवाज होतो, धूर येतो, आणि मुलं खूश होतात. काका खूश व्हायचे नाहीत. ‘फटाका पाहिजे तर दिवाळीला उडवा,’ म्हणायचे. छर्रा न भरता चाप ओढायलाही त्यांच्याकडे सक्त मनाई. समोर छर्‍याचा अडथळा नसला की दट्ट्या नळकांड्याच्या तोंडावर जाऊन आपटतो.

त्यांचा एक नियम आम्ही आजही पाळतो. बिघाड शोधताना एका वेळी एकच गोष्ट बदलायची, ती वहीत लिहायची, मग पुढची. वॉशर, स्प्रिंग आणि छर्रे तिन्ही एकदम बदललेत, तर बंदूक सुधारली तरी कशानं सुधारली ते कळत नाही.

आता नवीन बंदुका आल्या, पीसीपी म्हणतात त्या. यांत दाबून भरलेल्या हवेची टाकी असते आणि आठ-दहा छर्‍यांचं फिरतं मॅगझिन. मागचा दांडा ओढला की चकती एक घर फिरते, पुढे ढकलला की सुई छर्‍याला नळीत सारते. ऐकायला सोपं. पण आमच्याकडे हल्ली ज्या येतात त्यांतल्या बहुतेकांची तक्रार एकच, ‘छर्रा अडतो.’

मुलगा येतो तो ठरवूनच येतो. मॅगझिन खराब, किंवा सुई वाकडी, किंवा बंदूकच टाकाऊ. आम्ही आधी बंदूक रिकामी करून घेतो, तोंड भिंतीकडे, आणि मग त्याला छर्‍यांचा डबा आणायला सांगतो. छर्रा शिशाचा, मऊ, मध्ये कंबर आणि मागे घागर्‍यासारखा घेर. डबा हातातून पडला किंवा खिशात खुळखुळत फिरला की घेर चेपतो. मग तो घरात नीट बसत नाही, तिरका होतो, सुई त्याला नळीच्या कडेवर दाबते. कधी जड छर्रा चकतीच्या जाडीपेक्षा लांब असतो, म्हणून चकती फिरतच नाही. कधी घरात शिशाचा चुरा साठलेला असतो. आणि पुष्कळदा दोष कशातच नसतो. मुलानं घाईघाईत दांडा दोनदा ओढलेला असतो आणि नळीत एकामागे एक दोन छर्रे बसलेले असतात. सुई आणि नळी एका रेषेत नाहीत असा खरा बिघाड क्वचित निघतो. म्हणून आमचा क्रम आधी छर्रा, मग मॅगझिन, मग दांड्यावरचा हात, आणि सर्वांत शेवटी बंदूक. मुलांचा क्रम बरोबर याच्या उलट.

इथवर सगळी मजा. खरी गोष्ट पुढे आहे.

मध्यंतरी एक रविवार असा गेला की माझ्या भाच्याचा अमेरिकेतून व्हिडिओ कॉल चालू होता. त्यालाही हाच नाद. पण तिथे तो खरी रायफल सुट्या भागांतून जुळवतो. तिकडे त्या जातीच्या रायफलचा खालचा सांगाडा तेवढा कायद्याच्या दृष्टीनं बंदूक. तो रीतसर दुकानातून, चौकशी होऊन घ्यायचा. नळी, दस्ता, चाप वगैरे बाकीचं बर्‍याच राज्यांत कुरियरनं घरी येतं. त्याचीही तक्रार गोळी अडण्याचीच होती, आणि आमच्यातल्या घड्याळवाल्यांच्या मुलानं इथे बसून त्याला सांगितलं की आधी मॅगझिन बदलून बघ, दुसरं काही हलवू नकोस. तेवढ्यावर काम झालं. आम्हाला कोण अभिमान!

कॉल बंद झाला आणि आमच्यातल्या एकाचा मुलगा, हुशार, मकरपुर्‍याला टूलरूममध्ये कामाला, सहज म्हणाला, ‘काका, लेथ आहे, ड्रॉइंग मिळतं, मग आपणही एक जुळवायला काय हरकत?’

दोघे हसले. एकानं ‘जमेल हं तुला’ म्हणून पाठही थोपटली. मला तेवढंच खटकलं आणि म्हणून हे लिहितोय. तिथे हसायचं नसतं, तिथे ‘नाही’ म्हणायचं असतं, स्पष्ट आणि लगेच.

कारण आपल्याकडचा कायदा वेगळा आहे. शस्त्र कायदा १९५९ चा. त्यात शस्त्राच्या व्याख्येतच त्याचे सुटे भाग आणि ते बनवायची यंत्रसामग्रीही धरलेली आहे. म्हणजे ‘अजून बंदूक कुठे झालीय, नुसती नळी तर आहे’ हे चालत नाही. बंदूक बनवायला तर परवाना लागतोच, दुरुस्त करायला किंवा तिच्यात बदल करायलाही लागतो. २०१९ च्या दुरुस्तीनंतर विनापरवाना बनवण्याला कमीत कमी सात वर्षं कैद, जास्तीत जास्त जन्मठेप. बावीस-तेवीस वर्षांच्या मुलाला या हिशेबातली सात वर्षं कुणी नीट सांगितलेली नसतात. पाठ थोपटणारे मात्र पुष्कळ.

एअरगनचंही लक्षात ठेवा. २०१६ च्या नियमांनुसार २० ज्यूलपर्यंत ऊर्जा आणि ४.५ मिलिमीटरपर्यंत नळी असेल तर परवाना लागत नाही. यातलं एक जरी ओलांडलं तरी परवाना हवा. म्हणून ‘पॉवर वाढवून द्या’ म्हणणार्‍याला आमच्या ओटल्यावर चहा मिळतो, पॉवर मिळत नाही. छर्‍याचा वेग दीडपट केला की ऊर्जा सव्वादोनपट होते. आपण कधी रेषा ओलांडली हे घरी बसून कळतसुद्धा नाही.

आणि हवीय कशाला एवढी ताकद? ऑलिंपिकमध्ये दहा मीटरवर ज्या एअर रायफली चालतात त्यांची ऊर्जा साधारण साडेसात ज्यूल. आपल्या मर्यादेच्या निम्म्याहूनही कमी. अभिनव बिंद्रानं २००८ मध्ये सुवर्ण जिंकलं ते याच प्रकारात. तिथे दहा गुणांचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा असतो, शिसपेन्सिलीच्या टोकाएवढा. ताकदीनं तो सापडत नाही.

शिवाय त्या रायफलीत मॅगझिन नसतं. एकेक छर्रा हातानं भरायचा, असाच नियम आहे. पन्नास मीटरच्या रायफलीतही तेच. कोल्हापूरकडच्या स्वप्नील कुसाळेनं १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिसला कांस्यपदक घेतलं, तेही एकेक गोळी भरून. कोल्हापूरच्याच तेजस्विनी सावंतनं २०१० मध्ये म्युनिकला जागतिक विजेतेपद मिळवलं, तेही तसंच. जगातले उत्तम नेमबाज एका वेळी एकच भरतात. आपल्या पोरांना मात्र गच्चीवर दहा हवेत.

कुणी म्हणेल, मग नकोच ही भानगड. बंदूक म्हटलं की वाईटच. मला हे पटत नाही, आणि न पटायला आपल्या बडोद्याचंच कारण आहे. दादासाहेब मावळंकर माहीत आहेत ना? लोकसभेचे पहिले अध्यक्ष. मूळ घराणं रत्नागिरीकडचं, कर्मभूमी अहमदाबाद, पण १८८८ साली जन्म झाला तो बडोद्यात. गांधीजींचे अनुयायी, खेडा सत्याग्रहात उतरलेले, तुरुंगात गेलेले. याच माणसानं १९५१ मध्ये नॅशनल रायफल असोसिएशन ऑफ इंडिया स्थापन केली. राष्ट्रीय स्पर्धेआधी नेमबाज ज्या मोठ्या स्पर्धेतून पुढे येतात ती आजही त्यांच्याच नावानं होते. गांधीवादी माणसाला रायफलची संघटना काढावीशी वाटली यात मला तरी विसंगती दिसत नाही. हत्याराला शिस्तीचं घर मिळालं तर ते खेळ होतं. आपल्या दांडिया बाजारच्या जुम्मादादा व्यायाम मंदिरात प्रोफेसर माणिकरावांनी लाठी-बनाटी शिकवली, तीही अशीच, उस्तादाच्या नजरेखाली.

म्हणून माझं म्हणणं एवढंच. मुलाला बंदुकीची ओढ असेल तर दटावू नका आणि मोबाइलच्या भरवशावरही सोडू नका. त्याला मान्यताप्राप्त रेंजवर न्या, कॉलेजात असेल तर एनसीसीत घाला. पहिली एअरगन घ्यायचीच असेल तर एकेक छर्रा भरायची घ्या, पक्कं बिल घ्या. गच्चीवरून मारायची नाही. आपल्या पोळीत गच्चीला गच्ची लागलेली असते. कबुतरांवर, कावळ्यांवर तर अजिबात नाही. हातानं काही करायची हौस असेल तर लाकडी दस्ता घासून त्याच्या खांद्याला बेताचा करायला लावा, छर्रे अडवायची पेटी बनवायला द्या, लक्ष्याचा स्टँड बनवायला द्या. कलाकुसर त्यातही भरपूर आहे.

आणि ज्या घरांत आजोबांची जुनी बंदूक कपाटावर आहे त्यांना वेगळं सांगतो. परवाना माणसाच्या नावाचा असतो, घराण्याच्या नावाचा नसतो. परवानाधारक गेले की बंदूक उशीर न करता पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करायची आणि वारसानं रीतसर अर्ज करायचा. ‘दसर्‍यापुरती ठेवलीय’ हे कारण कायद्यात नाही. आमची बारा बोअर आजोबांच्या तेराव्यानंतर लगेच जमा झाली. आता खंडेनवमीला आम्ही पाटावर काकांचा स्क्रूड्रायव्हरचा संच मांडतो. झेंडू त्यालाही छान दिसतो.

टूलरूमवाल्या मुलाशी मी पुढच्याच रविवारी बोललो. सगळं कलमवार सांगितलं. थोडा हिरमुसला, मग म्हणाला, ‘मग काका, पेटी तरी करू?’ शिशाचे छर्रे उसळून परत येऊ नयेत म्हणून आतला पत्रा किती तिरका ठेवायचा, यावर सध्या ओटल्यावर जोरदार वाद चालू आहे. कुणाला रस असेल तर रविवारी नऊला या. चहा आमच्याकडून, फाफडा तुम्ही आणा.