मूठभरांची शाळा

कोयनेच्या जलाशयाकाठची वाडी असो की जत तालुक्यातील कानडी माध्यमाची शाळा, सातारा-सांगलीच्या लहान शाळांपुढे आज एकच प्रश्न उभा केला जातो : पट किती? सप्टेंबर २०२३ मध्ये राज्याच्या शिक्षण आयुक्तालयाने वीसपेक्षा कमी पटाच्या शाळांऐवजी समूहशाळा उभारण्याचे प्रस्ताव मागविले आणि या प्रश्नाला धोरणाची प्रतिष्ठा लाभली. मूठभर मुलांसाठी शाळा का चालवावी, हा त्यामागचा युक्तिवाद. तो मान्य केला तर दुर्गम, दरिद्री आणि अल्पसंख्य या तिघांच्याही शिक्षणाचा हक्क संख्येच्या दारी गहाण पडतो.

मूठभरांच्या शाळेचे मोल मुंबईच्या माझगावात पाहावे. शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून कुलाबा जिल्ह्यात ‘शनिवार तेली’ म्हटले गेलेले मराठीभाषक बेने इस्रायल संख्येने नेहमीच थोडे. त्यांच्या मुलांना हिब्रू अक्षरे शिकविली ती प्रथम मिशनऱ्यांनी. जॉन विल्सन यांनी १८३२ मध्ये मराठीतून हिब्रूचे व्याकरणही छापले. परंतु आपला वारसा परक्या धर्मप्रचारकाच्या कृपेने मिळावा, यात स्वाभिमान कोठला? हाईम सॅम्युएल केहिमकर यांच्या पुढाकाराने १८७५ मध्ये मुंबईत या समाजाची स्वतःची शाळा निघाली. तीच पुढे सर एली कदूरी शाळा झाली. तेथे हिब्रू आली, पण मराठी सुटली नाही. १९४८ नंतर बेने इस्रायलांची बहुसंख्य कुटुंबे इस्रायलला गेली, तरी शाळेला कुलूप लागले नाही. तिच्या बाकांवर मुसलमान व इतर समाजांची मुले येऊन बसली. ‘आपली’ मुले संपली म्हणून तिचे काम संपले नाही.

समाजवाद्यांनी जमातीच्या शाळांचे गोडवे का गावेत, असे काही कार्यकर्ते विचारतील. शंका रास्त आहे. कर्मवीर भाऊराव पाटील जन्माने जैन. कोल्हापूरच्या जैन वसतिगृहात असताना ते अस्पृश्यांच्या वसतिगृहाच्या समारंभाला गेले आणि परतल्यावर स्नान करण्यास त्यांनी नकार दिला. त्यापायी त्यांना ते वसतिगृह सोडावे लागले. त्याच भाऊरावांनी १९१९ मध्ये कऱ्हाडजवळच्या काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापिली आणि १९२४ मध्ये साताऱ्यात सर्व जातींच्या मुलांना एका पंक्तीला बसविणारे वसतिगृह काढले. म्हणजे शाळा कोणाची, हा खरा कस नव्हे. ती मुलाला स्वतःच्या घराची लाज वाटू देत नाही आणि शेजाऱ्यासाठी दार बंद करीत नाही, हा कस. माझगावची शाळा या कसाला उतरते. सोवळे पाळणारे वसतिगृह उतरत नाही.

आता पटाकडे वळावे. बेने इस्रायलांना केहिमकर लाभले, देणगीदार लाभले. पाटण-जावळीच्या धनगरवाड्यावरील मुलाला विश्वस्त नाहीत, देणगीदार नाहीत. त्याची एकमेव संस्था म्हणजे जिल्हा परिषदेची शाळा. तीच बंद केली तर त्याने कोणाच्या दारी जावे? सात-आठ मुलांच्या शाळेत सोबती थोडे, शिक्षक एकटा, हे खरे. पण त्यावर उपाय दुसरा शिक्षक नेमणे, शेजारच्या शाळांनी खेळ व ग्रंथालय एकत्र चालविणे हा आहे; श्रावणातल्या ओढ्यापलीकडे नेणाऱ्या गाडीचे आश्वासन हा नव्हे.

शिक्षणहक्काच्या २००९ च्या कायद्याखालील राज्याच्या नियमांनी पाचवीपर्यंतची शाळा एक किलोमीटरच्या आत देण्याचे बंधन शासनावर घातले आहे. त्याच कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत पालकांना तीन-चतुर्थांश जागा दिल्या आहेत. कार्यकर्त्यांनी या समित्यांत उतरावे, ग्रामसभांतून ठराव करून घ्यावेत आणि रिक्त शिक्षकपदांचा जाब जिल्हा परिषदेला विचारावा. रयतेच्या नावाने संस्था उभी राहिली त्या जिल्ह्यात रयतेच्या लेकरांची शाळा पटाच्या सबबीखाली मिटविली जात असेल, तर कर्मवीरांच्या पुतळ्याला हार घालण्याचा अधिकार कोणाला उरतो?