दीड महिन्याच्या लसीबरोबर कानही तपासा





मी कर्णबधिर मुलांच्या शाळेत शिकवते. पालक हमखास सांगतात, "बाई, थाळी वाजवली की बघायचा हो!" बाळ बघतं, पण हलणारा हात दिसतो म्हणून, पाळण्याला हादरा बसतो म्हणून. ऐकू न येणारं बाळही पहिले काही महिने हुंकार देतं. मग 'बापही उशिराच बोलला होता' म्हणत दोन-तीन वर्षं निघून जातात, आणि भाषा रुजण्याचा काळ नेमका तोच असतो.

हजारी १ ते ३ बाळं कायमचा श्रवणदोष घेऊन जन्मतात. ओएई या श्रवणचाचणीत झोपलेल्या बाळाच्या कानात मऊ रबरी टोक बसवून बारीक आवाज सोडतात आणि आतल्या कानाचा प्रतिसाद यंत्र टिपतं. टोचणं नाही, भूल नाही, काही मिनिटांत काम होतं. तरी पुष्कळ ठिकाणी ती फक्त कमी वजनाच्या, कावीळ झालेल्या, पेटीत ठेवलेल्या बाळांचीच करतात. श्रवणदोष असलेल्या जवळपास निम्म्या बाळांत असं कुठलंच कारण नसतं. ती सगळी सुटतात.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ साली आपल्याच पालघरमधून सुरू झाला, जन्मजात बहिरेपणा त्याच्या तपासणीच्या यादीत आहे. घोडं अडतं ते पुढे. पहिलं बाळंतपण माहेरी. चाचणीत 'रेफर' आलं, म्हणजे पुन्हा तपासा, तर तो कागद फायलीत पडून राहतो आणि सव्वा महिन्यानं बाळ-बाळंतीण सासरी, दुसऱ्या जिल्ह्यात. तिथल्या आशाताईला याचा पत्ताच नसतो. लस मात्र चुकत नाही, कारण तिची तारीख कार्डावर असते.

म्हणून माझी मागणी आहे : घरी सोडण्याआधी प्रत्येक बाळाचे दोन्ही कान तपासावेत, निकाल लसीच्या कार्डावरच लिहावा आणि 'रेफर' असेल तर दीड महिन्याच्या लसीच्या वेळीच, आई जिथे असेल तिथे, फेरतपासणी व्हावी. तिसऱ्या महिन्यापर्यंत निदान आणि सहाव्या महिन्याच्या आत श्रवणयंत्र, खुणांची भाषा यांची सुरुवात, हे वेळापत्रक जगभर मान्य आहे.

'रेफर' आलेल्या बहुतेक बाळांचे कान नंतर चांगले निघतात, मग आईला उगाच घोर कशाला, असं काही डॉक्टर म्हणतात. कानात ओल किंवा मळ राहिल्यानंही असा निकाल येतो, हे परिचारिकेनं तिला तिथल्या तिथे समजावून सांगावं. दीड महिन्याचा घोर आया सोसतील. चौथ्या वर्षी निदान झालेल्या मुलाच्या आईशी मी बोलते, तेव्हा तिला काय सांगावं हे मला अजून सुचत नाही.

— एक विशेष शिक्षिका, सातारा