युसुफ हमीद: औदार्याच्या कथेत हरवलेला रसायनशास्त्रज्ञ

फेब्रुवारी २००१. एड्सवरील तीन औषधांच्या उपचाराचा एका रुग्णाचा वार्षिक खर्च पाश्चात्त्य देशांत दहा ते पंधरा हजार डॉलर होता. मुंबईच्या सिप्ला कंपनीने तोच उपचार ‘मेदसँ साँ फ्राँतिएर’ या डॉक्टरांच्या संघटनेला ३५० डॉलरमध्ये देऊ केला. तेव्हापासून डॉ. युसुफ हमीद यांच्या नावामागे दानशूरपणाची विशेषणे लागतात. ती खोटी नाहीत. पण इतिहास म्हणून अपुरी आहेत. औदार्याने एखादा साठा फुकट वाटता येतो. किंमत तीस-चाळीस पटींनी उतरवून ती टिकवायची, तर कारखान्यात रसायनशास्त्र लागते आणि देशात तसा कायदा.

रसायनशास्त्र घरातच होते. वडील ख्वाजा अब्दुल हमीद बर्लिनचे डॉक्टरेट. सिप्ला त्यांनी १९३५ साली मुंबईत स्थापिली. (१९३९ च्या जुलैत गांधीजी तेथे येऊन गेले.) युसुफ यांनी केंब्रिजला नोबेलविजेते अलेक्झांडर टॉड यांच्या मार्गदर्शनाखाली डॉक्टरेट मिळविली आणि १९६० मध्ये ते कंपनीत रुजू झाले.

कायद्याची लढाई अधिक लांबली. १९११ च्या ब्रिटिशकालीन कायद्यात औषधाच्या रेणूवरच मक्तेदारी मिळे. १९७० चा पेटंट कायदा १९७२ मध्ये अमलात आला आणि औषधांच्या बाबतीत पेटंट केवळ बनविण्याच्या कृतीपुरते उरले. या बदलासाठी झटणाऱ्यांत हमीद आघाडीवर होते. आज जरीपटक्यातील औषधविक्रेत्याच्या फळीवर एकाच औषधाची दहा नावे दिसतात, त्याचे एक मोठे कारण येथे आहे.

‘ही तर नक्कल’, हा आक्षेप जुना आहे. तो अर्धाच खरा. मूळ रेणू इतरांनी शोधले, हे मान्यच करावे लागते. परंतु त्याच रेणूकडे नेणारी वेगळी, स्वस्त वाट शोधणे हेही संशोधनच. झिडोव्ह्युडिन बनविण्याची कृती हैदराबादच्या सरकारी प्रयोगशाळेत ए. व्ही. रामाराव यांनी सिद्ध केली. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत अनेक वर्षे घालविलेला हा शास्त्रज्ञ. सिप्लाने ती कृती कारखान्यात उतरविली. शिवाय झिडोव्ह्युडिन १९६४ मध्ये प्रथम तयार झाले, ते अमेरिकी सरकारच्या पैशावर. हे आक्षेपक सहसा सांगत नाहीत.

ट्रायोम्यूनचे उदाहरण तर अधिक बोलके. स्टॅव्ह्युडिन, लॅमिव्ह्युडिन, नेव्हिरापिन: तीन औषधे, पेटंटधारक कंपन्याही तीन. त्यामुळे ती एका गोळीत एकत्र आणणे त्यांच्यापैकी एकीलाही एकटीने शक्य नव्हते. भारतात ती अडचण नव्हती. दिवसाला दोन गोळ्यांवर आलेला हा उपचार आफ्रिकेतील साध्या दवाखान्यांतूनही देता येऊ लागला.

१ जानेवारी २००५ पासून रेणूवरील पेटंट भारतात परत आले. आता तीन नव्या रेणूंची अशी गोळी बनवायची, तर आधी मूळ कंपन्यांची संमती किंवा सरकारचा सक्तीचा परवाना हाती असावा लागतो.