‘अनुकूल हवामान’ म्हणजे काय?

‘भूमध्यसागरी हवामान द्राक्षांना अनुकूल असते’ असे भूगोलाच्या पेपरात लिहिले की गुण मिळतात. माझ्या मते अर्धेच द्यावेत. ‘अनुकूल’ हा मोठा आळशी शब्द आहे. तो लिहिला की ‘कसे?’ हे विचारायचे राहून जाते.

ग्रीसचे सँटोरिनी बेट घ्या. एजियन समुद्रातील या बेटावर वर्षाला जेमतेम ३५० ते ४०० मिलिमीटर पाऊस पडतो, तोही बहुतेक हिवाळ्यात. उन्हाळ्यात वेलीवर घड असतात तेव्हा आकाश कोरडे, ऊन कडक, आणि उत्तरेकडून ‘मेल्टेमी’ नावाचा जोराचा वारा. याला अनुकूल कसे म्हणावे?

तरी वेली जगतात. सुमारे ३,६०० वर्षांपूर्वी येथे ज्वालामुखीचा प्रचंड उद्रेक होऊन राख आणि प्यूमिस यांचे जाड थर साचले. पाय घासण्याचा हलका, भोकाभोकांचा दगड असतो ना, तोच हा प्यूमिस. पावसाचे पाणी आणि समुद्रावरून रात्री येणारा ओलावा तो आपल्या छिद्रांत धरून ठेवतो व मुळांना थोडाथोडा देतो.

या जमिनीत चिकणमाती जवळजवळ नाही, सेंद्रिय द्रव्य नाममात्र. कोणीही तिला निकसच म्हणेल. पण एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात फायलोक्सेरा या मुळांवरील किडीने युरोपातील बहुतेक द्राक्षमळे उद्ध्वस्त केले, तेव्हा अशा मातीत तिला थारा मिळाला नाही. इतरत्र अमेरिकी खुंटांवर कलमे बांधावी लागली. येथील वेली आजही स्वतःच्याच मुळांवर उभ्या आहेत. उभ्या कसल्या, बसलेल्या!

कारण नाशिककडे वेल मांडवावर चढवतात, तर सँटोरिनीत फांद्या गोल गुंफून जमिनीवरच टोपली करतात आणि घड तिच्या आत वाढतात. घर्षणामुळे जमिनीलगत वाऱ्याचा वेग कमी असतो. शिक्षकांनी वाऱ्याच्या दिवशी मुलांना मैदानावर न्यावे, कागदी भिरभिरे एकदा डोक्याइतके उंच आणि एकदा जमिनीपासून वीतभर धरायला सांगावे. टोपलीचा अर्थ फळ्याशिवाय समजेल.

टोपली फार जुनी झाली की खोड छाटतात आणि त्याच मुळांतून नवी वेल फुटते. त्यामुळे खोडाहून मूळ कितीतरी जुने असते. आता पर्यटकांसाठी बांधलेल्या हॉटेलांखाली या मळ्यांची जमीन जात आहे; वेलीबरोबर ती मुळेही जातात.