जाहीर आवाहन : निकालानंतरचे दोन महिने वाया जाऊ देऊ नका

जिल्हा परिषद, नगरपालिका आणि अनुदानित शाळांतल्या पालकांनो, शाळा व्यवस्थापन समित्यांच्या सदस्यांनो आणि गावकऱ्यांनो,

आपल्या राज्यात २०२३-२४ पासून पाचवी आणि आठवीची वार्षिक परीक्षा पुन्हा सुरू झाली. नापास मुलाची पुरवणी परीक्षा घ्यायची आणि तीतही ते नापास झाले तर त्याच वर्गात ठेवायचे, असा नियम आहे. ढकलपास बंद झाले म्हणून पुष्कळांना बरे वाटले. त्यामागची तळमळ खरी आहे. आठवीतले पोर धड्यातला एक परिच्छेद अडखळत वाचते, तेव्हा कोणत्या आईबापाचा जीव तुटत नाही? पण या नियमाचा अर्धाच भाग गावोगाव पोहोचला आहे.

शिक्षण हक्क कायद्यात २०१९ साली झालेली दुरुस्ती सांगते, की नापास झालेल्या मुलाला जादा शिकवावे आणि निकालापासून दोन महिन्यांच्या आत फेरपरीक्षेची संधी द्यावी. जादा शिकवणे हा कायद्याचाच भाग आहे, कुणाची मेहरबानी नव्हे. आता हे दोन महिने दिनदर्शिकेत शोधा. निकाल लागतो १ मेच्या आसपास, आणि लगेच शाळेला सुट्टी. मूल आजोळी जाते, लग्नसराईत रमते, नाहीतर आईबापांबरोबर वीटभट्टीवर असते. जूनमध्ये पुरवणी परीक्षा येते. एप्रिलमध्ये जे येत नव्हते, ते मधल्या काळात त्याला शिकवले कुणी? आपल्या शाळेत हे कोण, कधी, किती तास शिकवणार आहे, एवढे एकदा विचारून पाहा.

परीक्षेला माझा विरोध नाही. चाचणी घेतल्याशिवाय मूल कुठे अडले आहे ते कळत नाही. पण ते कळते उत्तरपत्रिकेत. ५२ मधून २७ वजा करताना एखादा मुलगा ३५ लिहितो. त्याने सातातून दोन वजा केले, कारण दोनातून सात जात नाहीत, आणि दशकाकडून हातचा घ्यायचा असतो हे त्याला अजून उमगलेले नाही. शेजारच्या मुलीने जागा कोरीच सोडली. गुण दोघांनाही शून्य. मात्र दोघांची अडचण वेगळी, उपायही वेगळा. पायाभूत चाचणी, मग संकलित मूल्यमापनाच्या दोन चाचण्या, असे वर्षभर चालते. गुण चॅटबॉटवर भरले जातात, तक्ते वर जातात. वरून खाली त्या वर्गासाठी काय येते, हा माझा प्रश्न आहे.

हा प्रश्न एकट्या गुरुजींना किंवा बाईंना विचारून भागणार नाही. द्विशिक्षकी शाळेत दोन माणसे चार-पाच वर्ग सांभाळतात. त्यातच पोषण आहाराच्या नोंदी, यू-डायस, आधार, अपार, मतदार यादीचे काम. कायद्याच्या कलम २७ नुसार जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका सोडून शिक्षकांना इतर बिगरशैक्षणिक कामांना जुंपता येत नाही. नव्याने लागलेला प्राथमिक शिक्षणसेवक तीन वर्षे महिना १६,००० रुपयांच्या मानधनावर राबतो. त्यात सर्वोच्च न्यायालयाच्या १ सप्टेंबर २०२५ च्या निकालाने सेवेची पाचहून अधिक वर्षे शिल्लक असलेल्या, शिक्षक पात्रता परीक्षा (टीईटी) उत्तीर्ण नसलेल्या जुन्या शिक्षकांनाही दोन वर्षांत ती उत्तीर्ण व्हायला सांगितले आहे. केंद्रप्रमुख हे पद शाळेला शैक्षणिक मदत मिळावी म्हणून आहे. त्यांनी माहिती गोळा करण्यापेक्षा वर्गात बसून वाचनाचा एखादा तास घेऊन दाखवावा, ही अपेक्षा आपण उघडपणे बोलून दाखवली पाहिजे.

म्हणून शाळेत जाब विचारायला जाऊ नका. शिक्षकाच्या बाजूला बसायला जा. व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक असतात आणि निम्म्या महिला. मासिक सभेत गुणांच्या यादीऐवजी उत्तरपत्रिका मागा. किती मुले कशावर अडली आणि त्यासाठी शाळेला कोणती मदत हवी, हे इतिवृत्तात लिहून घ्या. ते लेखी नसेल तर गटशिक्षणाधिकाऱ्यांच्या कार्यालयात त्याला काही किंमत राहत नाही. मुलांची नावे मात्र चव्हाट्यावर आणू नका. नापास म्हणून गावभर झालेले मूल पुन्हा पाटी हातात घेत नाही.

गावात डी.एड. झालेली मुले-मुली आहेत, निवृत्त शिक्षक आहेत. त्यांनी मे महिन्यात सकाळचे दोन तास द्यावेत, अशी माझी हात जोडून विनंती आहे. त्यांच्या येण्याने सरकारची जबाबदारी संपत नाही, कारण जादा अध्यापनाची तरतूद कायद्याने केली आहे आणि तिला लागणारा माणूस, वेळ व मोबदला शासनानेच द्यायला हवा.

२६ जानेवारीच्या ग्रामसभेत हा विषय घ्या. शहरात असाल तर व्यवस्थापन समितीच्या सभेत घ्या. ठराव असा करा, की पाचवी आणि आठवीच्या नापास मुलांना सुट्टीत कोण शिकवणार, किती तास आणि त्याचे मानधन कुठून मिळणार, हे शिक्षण विभागाने ३१ मार्चपूर्वी शाळेला लेखी कळवावे. ठरावाची एक प्रत गटशिक्षणाधिकाऱ्यांना आणि एक शिक्षणाधिकाऱ्यांना द्या. दोन्हींवर पोच घ्या आणि ती शाळेच्या फाइलला लावा.

आपला,
शाळा व्यवस्थापन समितीतला एक पालक